नसलेले शंभर शेअर

१९९८ च्या डिसेंबरात मी ॲमेझॉनचे शंभर शेअर विकले. माझ्याकडे ॲमेझॉनचा एकही शेअर नव्हता.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ही फोडणी घालत होती. मोहरी तडतडायची थांबली तरी हिंग घालायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. "म्हणजे? जे आपलं नाहीच ते विकता कसं येईल?"

मी तिला साखरेचं उदाहरण दिलं. शेजारणीकडून किलोभर साखर उसनी आणायची, आजच्या भावानं विकून टाकायची, पुढे साखर स्वस्त झाली की बाजारातून किलोभर घेऊन शेजारणीला परत करायची. मधला फरक आपला.

"आणि साखर महागली तर?"

"नाही महागणार."

"आणि तिनं उद्याच परत मागितली तर?"

मी म्हटलं, असं सहसा होत नाही. मग आम्ही जेवलो.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहायचो. वाय-टू-केचे दिवस होते. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायला कोबोल येणारी माणसं भारतातून भराभर नेली जात होती, त्या लाटेत मीही एच-वन-बी व्हिसावर जाऊन पोचलो. एका विमा कंपनीचं काम होतं. हजारो ओळींमधून तारखा शोधायच्या, दुरुस्त करायच्या, टेस्ट करायच्या. काम रटाळ, पण पगार डॉलरमध्ये. दोन वर्षं ओक ट्री रोडवरच्या दुकानातून महिन्याचा किराणा आणि बाकी सगळी काटकसर, असं करत तीस हजार डॉलर साठले होते. त्यातून ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा हे ठरलेलं होतं. बिल्डरचं माहितीपत्रक फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसायचा. ज्याला आदल्या वर्षापर्यंत शेअर आणि डिबेंचर यांतला फरक कळत नव्हता तोही "आज माझा एवढा वर" असं सांगत फिरायचा. १३ नोव्हेंबरला दग्लोब डॉट कॉम नावाची कंपनी बाजारात आली. कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन पोरांनी काढलेली साइट. शेअर दिला ९ डॉलरला, पहिला व्यवहार झाला ८७ ला, ९७ पर्यंत जाऊन संध्याकाळी साडेत्रेसष्टला बंद. एका दिवसात सातपट!

मला आनंद झाला नाही, हेवाही वाटला नाही. राग आला. सगळा घोळ त्या रागापासून सुरू झाला असं आता वाटतं. आपल्याकडच्या पगारदार माणसाला दुसऱ्याला फुकट मिळालेल्या पैशाचा जेवढा त्रास होतो तेवढा स्वतःचं पाकीट मारलं गेल्याचाही होत नसेल. हे चुकीचं आहे, हे कोसळणार आहे, आणि कोसळेल तेव्हा त्याचे पैसे मला मिळायला हवेत. असा सरळ हिशेब.

दग्लोबचे शेअर उसने मिळतात का ते मी ब्रोकरकडे विचारलं. नाहीत म्हणाले. नुकत्याच बाजारात आलेल्या कंपनीचे हिंडतेफिरते शेअर थोडे असतात आणि ते उसने द्यायला कोणाकडे फारसे पडून नसतात, हे मला तेव्हाच कळलं. तिथेच थांबायला हवं होतं. मी ॲमेझॉनकडे वळलो.

ॲमेझॉनबद्दल माझं म्हणणं पक्कं होतं. मी आकडे काढले होते. १९९७ मध्ये विक्री जेमतेम १५ कोटी डॉलरची, तोटा ३ कोटींच्या आसपास, आणि तोटा वाढत चाललेला. आणि या कंपनीची बाजारातली किंमत बार्न्स अँड नोबल आणि बॉर्डर्स या दोन मोठ्या पुस्तक-विक्रेत्यांची मिळून होईल त्याहून जास्त! शेकडो दुकानं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला सिएटलमधली एक वेबसाइट. जानेवारीपासून शेअर सातपट झाला होता. मी एका वहीत हे सगळं लिहून काढलं, खाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून आहे. त्यातली बेरीज-वजाबाकी एकही चुकलेली नाही.

आता प्रत्यक्ष कृती. माझं साधं खातं होतं, त्याचं मार्जिन खातं, म्हणजे उसनवारीवर व्यवहार करता येणारं खातं, करून घ्यावं लागलं. किमान २,००० डॉलर ठेवायचे आणि एका लांबलचक करारावर सही करायची. गॅस कनेक्शनच्या फॉर्मवर करतात तशी मी न वाचता सही केली. त्यात एक वाक्य होतं, जे मी पुढे जानेवारीत भिंग लावून वाचलं: गरज वाटल्यास ब्रोकर पूर्वसूचना न देता खात्यातले व्यवहार मिटवू शकतो.

नियम असा की, विकून आलेले सगळे पैसे ब्रोकरकडेच राहणार आणि वर विक्रीच्या निम्मे तरी आपण भरायचे. मी भीत भीत नाही, चांगले १८,००० डॉलर भरले. निम्म्याहून खूप जास्त. आपण सावध माणूस आहोत असं मला वाटत होतं.

शॉर्ट करायचं, म्हणजे असे उसने शेअर विकायचे, तर वेबसाइटवर बटण नव्हतं, फोन करावा लागायचा. मी लंच अवरमध्ये पार्किंगजवळच्या पब्लिक फोनवरून केला. पलीकडच्या मुलानं कीबोर्डवर काहीतरी खाडखाड केलं आणि म्हणाला, शंभर मिळतील. कोणाचे मिळतील, तो माणूस कोण, त्याला माहीत तरी आहे का, काही नाही. ते शेअर दुसऱ्याच कोणा गिऱ्हाइकाच्या मार्जिन खात्यात पडलेले असतात, आणि त्यानंही तसाच करार न वाचता सही केलेली असते. ऑर्डर लगेच लागली नाही. नॅसडॅक या शेअरबाजारात तेव्हा नियम होता की घेणाऱ्यांची बोली खाली सरकत असताना शॉर्ट विकता येत नाही, ती जरा वर सरकल्याशिवाय नंबर लागायचा नाही. पाऊण तासानं परत फोन केला तेव्हा २१० ला विकले गेले होते. खात्यात २१,००० डॉलर जमा आणि शेअरच्या रकान्यात उणे शंभर. ते उणे चिन्ह बघून मला जरा भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी मुंबईला मामांना फोन केला. मिनिटाला अर्ध्या डॉलरच्या वर पैसे पडायचे, त्यामुळे बोलायचं ते आधी ठरवून ठेवलेलं असायचं. मामांचं सगळं आयुष्य दलाल स्ट्रीटवर एका पेढीत गेलं. मुंबई शेअरबाजारात १९९५ मध्ये संगणक आले त्याच्या आधी ते रिंगमध्ये उभे राहून हातवारे करून सौदे करायचे. आवाज कायमचा बसलेला. मला वाटलं, भाच्यानं अमेरिकेत मंदीचा सौदा केला म्हणून खूश होतील.

"किती चढलाय?" त्यांनी विचारलं.

"वर्षात सातपट."

"मग? सातपट चढलेला चौदापट चढत नाही असं कुठे लिहिलंय?"

मी तोट्याचे आकडे सांगायला लागलो, त्यांनी मध्येच तोडलं. "ते राहू दे. घेतंय कोण? त्यांचे पैसे संपलेत का? बाजारात शेअर हिंडतायत किती?"

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की मोठा हिस्सा जेफ बेझोस आणि त्यांच्या घरच्यांकडे आहे. "म्हणजे तो विकायला येणार नाही," मामा म्हणाले. "म्हणजे उरलेल्यातच तुम्हा सगळ्यांना परत घ्यायचेत."

मग त्यांनी १९८२ ची गोष्ट काढली. मी ती लहानपणी दहादा ऐकलेली. कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे नसलेले शेअर धबाधब विकले, समोरून कोणीतरी घेत गेलं, आणि सौदापूर्तीच्या दिवशी घेणाऱ्यांनी सांगितलं की पुढे ढकलायचं नाही, आम्हाला शेअरचे कागद हवेत. कागद कुठून आणणार? उंधा बदला लागला, म्हणजे सौदा पुढे ढकलायचा तर मंदीवाल्यांनीच तेजीवाल्यांना पैसे मोजायचे. शेवटी बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. "तेव्हा आमच्या समोरच्या पेढीतला एक माणूस तीन दिवस जिन्यात बसून होता," मामा म्हणाले. हे आधी कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. "मंदीत कमावलेला एकच माणूस मी बघितलाय. तो रोज साडेतीनला सौदा कापून लोकल पकडायचा."

मी म्हटलं, मामा, इथली सिस्टीम वेगळी आहे. इथे बदला नाही.

ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

१६ डिसेंबर, बुधवार. सकाळपासून टीव्हीवर क्लिंटन आणि महाभियोग, दुपारनंतर इराकवर बॉम्ब पडणार अशा बातम्या. माझ्या टेबलावरच्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. ब्रोकरची एक स्वयंचलित फोनसेवा होती. कंपनीची अक्षरं फोनच्या बटणांवर दाबायची, मग एक यांत्रिक बाई एकेक तुकडा जोडून भाव वाचायची. अमेरिकेत तेव्हा भाव दशांशात नसायचे, अष्टमांश-षोडशांशात असायचे, त्यामुळे ती वाचायला वेळ लावायची. आदल्या संध्याकाळी दोनशे पावणेत्रेचाळीस म्हणाली होती, म्हणजे २४२ आणि तीन चतुर्थांश. मी तेव्हाच तीन हजारांनी खाली होतो, पण त्याला मी 'थोडं वरखाली' म्हणत होतो. त्या दुपारी ती म्हणाली, दोनशे... ऐंशी... मी फोन ठेवला. चुकीची अक्षरं दाबली गेली असणार. परत दाबली.

सीआयबीसी ओपनहायमरच्या हेन्री ब्लॉजेट नावाच्या विश्लेषकानं शेअर वर्षभरात कुठवर जाईल याचं आपलं लक्ष्य १५० वरून थेट ४०० केलं होतं. त्याच दिवशी मेरिल लिंचचा जोनाथन कोहेन म्हणाला की या शेअरची लायकी ५० ची आहे. बाजारानं दोघांचं ऐकलं आणि शेअर २८९ ला बंद झाला. एका दिवसात ४६ डॉलर वर.

मी घरी गेलो तर दारात खोका. ॲमेझॉनचा. आतून एक पाककृतींचं पुस्तक आणि भाचीसाठी चित्रांची पुस्तकं निघाली. हिनं नाताळच्या सवलतीत मागवली होती. "किती छान बांधून पाठवतात बघ," ती म्हणाली. "आमच्या ऑफिसमधल्या सगळ्याजणी आता तिथूनच मागवतात." मी त्या खोक्याकडे जरा वेळ बघत राहिलो. माझ्या वहीत विक्री होती, तोटा होता, गुणोत्तरं होती. सगळ्याजणी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पहिला मार्जिन कॉल आला, म्हणजे आणखी पैसे भरा असा ब्रोकरचा निरोप. हिशेब सांगतो, कारण तो कोणी नीट सांगत नाही. खात्यात रोख ३९,००० डॉलर: विक्रीचे २१,००० आणि माझे १८,०००. शंभर शेअर परत घ्यायला आता लागणार २८,९००. म्हणजे माझे खरे उरले १०,१००. देणं २८,९०० चं आणि माझी ठेव त्याच्या ३५ टक्के. सर्वसाधारण नियमानुसार ३० टक्क्यांपर्यंत चाललं असतं, पण ब्रोकरनं इंटरनेट शेअरसाठी ते ५० टक्के केलं होतं. तो तसं करू शकतो. कमी पडले ४,३५० डॉलर. मी ५,००० चा चेक पाठवला.

इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. शेअर विकत घेतला आणि तो पडला, तर खात्यातला तो तुकडा लहान होत जातो. त्रास होतो, पण दर दिवशी आधीपेक्षा कमी. शॉर्टमध्ये चूक फुगते. मी २१,००० चा सौदा केला होता. तो आता २९,००० चा झाला होता आणि मी एकही शेअर जास्त विकलेला नव्हता. माझ्या नकळत, माझ्या सर्वांत वाईट निर्णयात माझे सर्वांत जास्त पैसे गुंतत चालले होते. आणि मी चेक पाठवत होतो ते सौदा सावरायला नाही, आहे तिथे उभं राहायचं भाडं म्हणून. मामांचा उंधा बदला इंग्रजी नाव घेऊन आला होता.

नाताळात लोक सुट्टीवर, बाजारात उलाढाल कमी होईल, भाव शांत होईल असं मला वाटलं. ३१ डिसेंबरला शेअर ३२१ च्या वर बंद झाला. आणखी ४,५०० पाठवले. या वेळी हिला सांगितलं नाही.

ऑफिसातला एक तेलुगू मित्र दुसऱ्याच एका कंपनीत असाच अडकला होता. त्याच्याबाबतीत भाव फार चढलाही नव्हता. ज्याचे शेअर उसने घेतले होते त्यानं ते विकले, ब्रोकरला दुसरे मिळाले नाहीत, आणि एका सकाळी याचा सौदा परस्पर मिटवला गेला. पुढच्या आठवड्यात तो शेअर पडला. तो रोज तो भाव बघायचा आणि मला सांगायचा. शेजारणीनं साखर परत मागितली होती.

५ जानेवारीला ॲमेझॉनच्या एका शेअरचे तीन झाले. खरं तर यात काहीच नसतं, शंभराची नोट मोडून सुट्टे घेण्यासारखं. पण लोकांना त्या काळी फाळणी म्हणजे दिवाळीच वाटायची. माझ्या खात्यात उणे १०० चे उणे ३०० झाले. त्याच सुमारास कंपनीनं नाताळच्या तिमाहीची विक्री २५ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं सांगितलं. १९९७ च्या अख्ख्या वर्षाहून जास्त, तीन महिन्यांत. भाव एकशे साडेचोवीस, म्हणजे जुन्या मापानं ३७३.

त्या संध्याकाळी सौदा कापला असता तर ११,००० डॉलर परत आले असते. मी कागदावर तो आकडा लिहिलाही होता. पण कापायचं म्हणजे ॲमेझॉनचे शेअर विकत घ्यायचे, या भावाला! ज्या भावाला घेणाऱ्यांना मी दोन महिने मूर्ख म्हणत होतो. ते माझ्याच्यानं होईना. मी स्वतःला सांगितलं की आता एवढं सोसलंय तर. यापुढचं वाक्य मला कधी पूर्ण करता आलेलं नाही.

बुधवारी १३८. जुन्या मापानं ४०० पार. वर्षभरात जाईल म्हटलेला आकडा तीन आठवड्यांत आला. मार्जिन विभागातून एका बाईंचा फोन आला, ऑफिसच्या नंबरवर. आवाज थकलेला. दिवसभर माझ्यासारख्यांनाच फोन करत असणार. "सर, शुक्रवारी बाजार उघडायच्या आत पैसे आले नाहीत तर आम्हाला खातं मिटवावं लागेल." मी साडेतेरा हजारांचा आकडा ऐकला आणि म्हटलं, उद्या वायर करतो. शेजारच्या क्युबिकलमधला माणूस सँडविच खायचा थांबला होता.

माझ्याकडे अडीच हजार होते. एका मित्राकडे मागितले. तो हो म्हणाला, मग रात्री त्याच्या बायकोचा फोन आला हिला. असं हिला कळलं.

गुरुवारी भाव १५८ च्या वर बंद. देणं साडेसत्तेचाळीस हजारांचं, खात्यात रोख साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे महिन्यापूर्वीचे १८, मग ५, मग साडेचार, यातलं माझं उरलं होतं हजारभर डॉलर. मित्राचे पैसे मी घेतले नाहीत. एवढी एकच गोष्ट त्या प्रकरणात मी बरी केली.

शुक्रवारी, ८ जानेवारीला, मी आजारी असल्याचं कळवून घरी राहिलो. मॉडेमनं लाइन लावेपर्यंत बाजार उघडून वीस मिनिटं झाली होती. पान अर्धं उमटून अडकलं. नावं आली, आकडे येईनात. त्या दिवशी ॲमेझॉन १९९ ला शिवून आला. १९९ म्हणजे जुन्या मापानं जवळजवळ ६००. आकडे उमटले तेव्हा शेअरच्या रकान्यात शून्य होतं. ब्रोकरनं सकाळीच ३०० शेअर घेऊन टाकले होते, सरासरी १७२ ला. ५१,६०० डॉलर. खात्यात होते ४८,५००.

रकमेच्या रकान्यात उणे ३,१००.

त्या सकाळी त्या भावाला ॲमेझॉनचे शेअर घेणारे कोण वेडे होते असं नंतर लोक विचारायचे. त्यातला एक मी होतो. माझ्यासारखे किती असतील कोण जाणे, सगळे एकाच दारातून बाहेर पडायला धडपडणारे, आणि प्रत्येकाच्या खरेदीनं पुढच्याचा भाव आणखी चढत असणार. ज्या तेजीला मी विरोध करायला उभा होतो तिच्यात शेवटचं सरपण मीच घातलं. संध्याकाळी शेअर एकशे सव्वासाठवर उतरून बंद झाला. जानेवारी संपताना ११७ च्या आसपास होता.

ही काही बोलली नाही. रात्री भांडी विसळताना एवढंच म्हणाली, "साखर महागली म्हणजे." फ्रिजवरचं माहितीपत्रक मात्र दुसऱ्या दिवशी तिथे नव्हतं. ३,१०० डॉलर भरायचं पत्र आलं, ते आम्ही तीन हप्त्यांत फेडले. ब्रोकरनं हप्ते करून दिले हे त्यांचे उपकारच.

पुढे दोन वर्षं मी बाजाराकडे फक्त बघत होतो, एक पैसा न लावता. बोट भाजलेल्यानं चूल बघावी तसं. १९९९ च्या नोव्हेंबरअखेर याहूचा समावेश एस अँड पी ५०० या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकात होणार असं जाहीर झालं. त्या निर्देशांकाचे फंड ज्यांच्याकडे होते त्यांना भाव काहीही असो, घेणं भागच. आठवड्याभरात शेअर निम्म्याहून जास्त वर. तिथे शॉर्ट असलेल्यांचं काय झालं असेल ते मला कोणी सांगायला नको होतं.

आणि मार्च २००० मधला पामचा तमाशा. थ्रीकॉम या कंपनीनं आपल्या पाम या कंपनीचे थोडे शेअर बाजारात विकले, ९५ टक्के स्वतःकडे ठेवले. ते पुढे थ्रीकॉमच्या भागधारकांना एकास दीड या हिशेबानं मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम बंद झाला ९५ ला. मग थ्रीकॉमचा एक शेअर किमान १४२ चा हवा. तो होता ८२ चा! म्हणजे पाम सोडून उरलेल्या थ्रीकॉमची, तिच्या धंद्याची, बँकेतल्या पैशांची किंमत बाजार शेअरमागे उणे साठ डॉलर लावत होता. चौथीतल्या मुलाला दिसेल अशी चूक. सगळ्यांना दिसत होती, वर्तमानपत्रात छापून येत होती. उपाय एकच: थ्रीकॉम घ्या, पाम शॉर्ट करा. पण पामचे शेअर उसने मिळत नव्हते, मिळाले तर भाडं अवाच्या सवा. मी ते आकडे वहीत उतरवून काढले आणि खाली रेघा मारल्या नाहीत.

१० मार्च २००० ला नॅसडॅकचा निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला आणि तिथून घसरला तो २००२ च्या ऑक्टोबरात १,११४ पर्यंत. ॲमेझॉन २००१ मध्ये सहा डॉलरच्याही खाली गेला. मधे आणखी एक फाळणी झाली होती, म्हणजे माझे शंभर आता सहाशे झाले असते. ते परत घ्यायला ३,६०० डॉलर पुरले असते. २१,००० ला विकलेले ३,६०० ला. मी बरोबरच होतो, असं मामांना फोनवर म्हटलं. "मधे कुठवर गेला होता?" त्यांनी विचारलं. डिसेंबर १९९९ मध्ये ११३. सहाशे गुणिले ११३, म्हणजे जवळजवळ ६८,००० चं देणं. "तेव्हा कुठे बसला असतास?" मला एकदम तो जिन्यातला माणूस आठवला.

आणि तरीही, समजा मी कसाबसा टिकलो असतो, आणि २००१ मध्ये 'अजून पडेल' म्हणून थांबलो असतो? २०२२ मध्ये एकाचे वीस झाले. सहाशेचे बारा हजार. भाव दोनशेच्या वर गेला तेव्हा मी गंमत म्हणून गुणाकार केला: २४ लाख डॉलरचं देणं.

भाचा पुण्यात असतो, मोबाइलवर इंट्राडे करतो. भारतात रोखीच्या बाजारात साध्या माणसाला शॉर्ट करायचं तर त्याच दिवशी कापावं लागतं, त्यामुळे माझ्यासारखं महिनाभर फुगणारं काही होत नाही असं तो म्हणतो. गेल्या वर्षी त्यानं एका छोट्या कंपनीचा शेअर सकाळी विकला आणि दुपारी त्याला अप्पर सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन अडकला. घेणारे रांगेत, विकणारा एक नाही. साडेतीन वाजले. शेअर ऑक्शनमध्ये गेला, म्हणजे याला देता न आलेले शेअर लिलावात घेतले गेले, दंडासकट भाव लागला. त्यानं मला विचारलं, "मामा, हे असं कसं? मी चुकलो कुठे, ती कंपनी भिकारच आहे!" मी म्हटलं, "बरं."

अमेरिकेच्या करखात्याला या सगळ्याची माझ्याहून जास्त आठवण होती. शेअरमधला तोटा पगारातून वजा करता येतो, पण वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतच. उरलेला पुढच्या वर्षी. माझा तोटा ३०,६०० चा. मी परत कधी शेअर घेतले-विकले नाहीत, त्यामुळे दुसरा नफाही नव्हता तो खायला. मग दर एप्रिलला, टॅक्स भरताना, त्या फॉर्मच्या ठरावीक चौकोनात मागच्या वर्षीची शिल्लक लिहायची. २७,६००. २४,६००. घर बदललं, मुलगी झाली, ग्रीन कार्ड आलं, मामा गेले, आणि तो आकडा तीन-तीन हजारांनी उतरत राहिला. २०१० च्या एप्रिलमध्ये मी त्या चौकोनात ६०० लिहिले. ही शेजारी बसून पावत्या लावत होती. तिनं मान वळवून बघितलं आणि विचारलं, "संपलं का?"